बसवंताचे दात

आमच्या शेजारचे शिवाप्पा रस्त्यानं जाताना माणसांशी बोलत नसत, बैलांशी बोलत. समोरून बैलगाडी आली की हे रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे, दोन्ही हात वर करायचे, आणि गाडी थांबली की गाडीवानाकडं ढुंकूनही न बघता थेट बैलाच्या तोंडाशी जायचे. "बा तम्मा, बा! कसा हायस? खांदा सुजलाय का रं?" बा म्हणजे कानडीत ये, आणि तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. गाडीवानाला वाटायचं, आपल्यालाच विचारतायत. तो बिचारा सांगायला लागायचा, "बरा हाय आप्पा, जरा खोकला झालाय." तेव्हा आप्पा मान वर करून म्हणायचे, "तुला कोन इचारतंय?"

गावात त्यांना येडं म्हणायचे. मी म्हणत नव्हते, आणि अजूनही कुणी म्हटलेलं मला खपत नाही.

आमचं गाव सास्तूरच्या जवळ. निजामाचं राज्य होतं, तिकडं कुठंतरी मोठी लढाई चालली होती आणि इकडं रॉकेल मिळत नव्हतं. मी पोलीस पाटलाची सून. आमच्या आणि शिवाप्पांच्या अंगणात हनुवटीएवढी मातीची भिंत होती. धुणं वाळत घालताना, शेवया करताना, धाकटीला पाठीवर घेऊन फिरताना मी त्या भिंतीवरून बारा वर्षं हा माणूस पाहिला. तेव्हा त्यांच्याबद्दल सांगायचा हक्क माझा आहे. चावडीवरच्या पुरुषांनी काय सांगितलं ते राहू द्या बाजूला.

तर ते बैल म्हणजे बसवंताची लेकरं. बसवंत हा शिवाप्पांचा वळू. अंग पांढरंशुभ्र, तोंड काळं, आणि कपाळावर बरोबर मधे केसांचा भोवरा. त्या भोवऱ्यावरून आप्पा त्याचं पोर शंभर गाड्यांतून ओळखायचे. एकदा माझे सासरे आणि ते बार्शीला लग्नाला निघाले. येडशीच्या स्टेशनात गाडीची वाट बघत बसले होते. बाहेर बेंबळीची एक बैलगाडी उभी होती, तिच्या बैलाच्या कपाळाला भोवरा दिसला. झालं! आगगाडी आली, सासरे चढले, आप्पा बैलगाडीत. त्या बैलाची आई कशी आहे ते बघायला हा माणूस बेंबळीपर्यंत गेला आणि चौथ्या दिवशी चालत परत आला. लग्नाला का नाही आलात असं सासऱ्यांनी विचारलं, तर म्हणाले, "नवरामुलगा कुनाचा हाय ते तुमी बगितलं न्हवं? मंग झालं. म्या हिकडं बगितलं."

त्यांची बायको, गुरव्वा, मी सून म्हणून आले त्याच्या आधीच गेली होती. मूलबाळ नाही. स्वतः भाकरी थापायचे. त्या सगळ्या कडांनी फाटलेल्या असायच्या, आणि मी भिंतीवरून चांगली भाकरी दिली तर अर्धी बसवंताला घालून अर्धी खायचे. मग मी दोन द्यायला लागले. तर एक बसवंताला.

आता खरी गोष्ट सांगायची तर बसवंताच्या वयाची. आमच्याकडं पद्धत अशी की गोऱ्हा दोन दातांचा झाला, अंगानं चांगला दिसला, की दोन-तीन वर्षं त्याच्याकडं गाई फळवायला आणायच्या. मग खच्ची करायचं आणि नांगराला जुंपायचं. म्हातारा वळू कुणी ठेवत नाही. उगाच चारा कोण घालणार? शिवाप्पांनी बसवंत चौदा वर्षांचा होईस्तोवर ठेवला. त्याचे दात झिजून खुंट्या झाल्या होत्या. लोक तोंड उघडून बघायचे आणि हसायचे. आप्पांचं उत्तर ठरलेलं. "दात बगू नगा, वासरू बगा."

कुणी वाद घालायला बसला तर त्याची धडगत नसे. "मला सांग," आप्पा म्हणायचे, "कवळा गोऱ्हा दिसतो झ्याक. पर त्याची लेकरं नांगर वडत्याल का बसत्याल, त्याची लेक दूध दील का लाथ मारंल, हे कळाया किती वर्सं लागत्यात? सात-आठ. तवर तुमी बापाला खच्ची करून मोकळं! लेक शानी निगाली, पर बाप गेला कामातून. आन माझा बसवंत? त्येची लेकरं रस्त्यावर चालत्यात. जा, जाऊन बगा. एक बी बसकं दावा, म्या मिशी काडतो."

मिशी कुणाला काढता आली नाही.

आणि एक होतं. आणलेली प्रत्येक गाय ते घ्यायचे असं नाही. गाय आली की आधी चौकशी. हिची आई कुठली, आईची आई कुठली, कोणत्या बाजारात घेतली. एकदा जेवळीचा एक शेतकरी भर उन्हात गाय घेऊन आला. आप्पांनी गाईच्या कपाळावरून हात फिरवला आणि ओरडले, "अय्यो शिवने! ही लेक हाय की त्येची! चल, मागं फिर." तो माणूस हातापाया पडला, मग चिडला, मग शिव्या दिल्या. आप्पा दारात आडवे. "इल्ला म्हंजी इल्ला. दुसऱ्या गावचा वळू बग. लेकीला बापाच्या दारात आनतोस, लाज न्हाय वाटत?" इल्ला म्हणजे नाही. हा शब्द आमच्या गावातली कानडी न येणारी पोरंसुद्धा शिकली होती, इतका तो त्या दारातून ऐकू यायचा.

असं सगळं बरं चाललं होतं आणि सरकारचा हुकूम आला.

सालोत्री म्हणजे गुरांचा सरकारी डॉक्टर. लोहाऱ्याला मुक्काम करून तो गावोगाव फिरत होता. तरणा पोरगा, शेरवानी, लाल टोपी, बोलणं गोड. त्यानं आमच्या चावडीला एक सरकारी खोंड आणून बांधला. दोन दाती, तुकतुकीत, दिसायला नंबर एक. हुकूम असा की गावातल्या गाई ह्यालाच दाखवायच्या, आणि दहा वर्षांवरचे सगळे वळू खच्ची करायचे. त्याच्या पेटीत त्यासाठी एक लांब दांड्याचा लोखंडी चिमटा होता. तो बघूनच आमच्या गड्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

सासरे पोलीस पाटील, त्यांनी आधी पाऊल टाकायला हवं. म्हणून आमची गाय कपिली सरकारी खोंडाकडं नेली. उलटली, म्हणजे गाभण राहिलीच नाही. महिन्यानं परत नेली, परत उलटली. शिवाप्पा भिंतीपलीकडून म्हणाले, "पाटील, तुमची गाय बी सरकारजमा झाली म्हना की!" सासरे आत निघून गेले. मला इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला.

मग एक दिवस सालोत्री चिमटा घेऊन आप्पांच्या अंगणात आला. सगळं गाव मागं. त्यानं बसवंताचं तोंड उघडलं, दात बघितले आणि सासऱ्यांना म्हणाला, "पाटील साब, ये तो बुढ्ढा हो गया. दांतां देखो. इसके बीज में अब क्या जान रहती?"

"दात बगू नगा, वासरू बगा," आप्पा म्हणाले.

"अप्पा, सरकारी हुकूम है."

"इल्ला. हुकूम कागदावर हाय, बैल माज्या दावनीला हाय."

सालोत्रीनं चिमटा उचलला. शिवाप्पा बसवंताच्या पुढं जाऊन उभे राहिले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "म्हातारा झाला म्हनून चिमटा लावायचा न्हवं? मंग वयापरमानं लावा. बसवंत चौदाचा, म्या बासष्टचा. आदी माजा नंबर. आन हे पाटील माज्याहून दोन वर्सांनी थोरलं हायती, त्यांनला बी धरा."

सासरे झटदिशी दोन पावलं मागं सरले. अंगणात जे हसू फुटलं ते थांबेना. सालोत्रीही हसला, पण लगेच त्याचा चेहरा बदलला. माणूस शिकलेला होता, त्याला हरायचं नव्हतं. म्हणाला, माझ्याकडं बारीक जीव मोठे करून दाखवणारी दुर्बीण आहे. बीजाचा एक थेंब काचेवर घेऊन तिच्यात बघितला की जिवंत आहे की मेलेलं ते डोळ्यांनी दिसतं. कागदाचं राहू दे, दुर्बिणीचं तरी मानशील?

आप्पा म्हणाले, "मानीन. मेलेलं निगालं तर म्या सोता दोर धरून हुबा ऱ्हातो, लावा चिमटा. जितं निगालं तर पुन्ना ह्या दारात चिमटा आनायचा न्हाय."

"कबूल," सालोत्री म्हणाला.

म्हणजे सगळं एका थेंबावर आलं. त्या आठवड्यात आप्पांनी भाकरी घेतली नाही माझ्याकडून. दोन्ही परत दिल्या.

पौषाचे दिवस होते. कपिली माजावर आली तशी सासऱ्यांनी तट्टावरून माणूस लोहाऱ्याला पाठवला. ऊन वर आलं तेव्हा सालोत्री पेटी घेऊन हजर. आमच्या ओट्यावर चहा घेत बसला. दुर्बीण आप्पांच्या अंगणात तिपाईवर मांडलेली, पितळी, चकचकीत, खाली एक आरसा. आणि शेजारी फडक्यावर काचेची पट्टी.

पुढचं बायकांनी बघितलं नाही असं सांगायची रीत आहे. मी सगळं बघितलं. भिंतीला लावलेल्या उखळावर उभी राहून बघितलं.

सालोत्री चहा पीत असताना शिवाप्पा त्या काचेपाशी गेले. वाकून बघितली. नाकाजवळ नेली. कुठल्या कुठल्या गुरांचं काय काय ह्या काचेवर आलं असेल, आणि आता त्यावर बसवंताचं ठेवायचं! त्यांना ते पटेना. घागरीतलं थंडगार पाणी ओतून त्यांनी काच धुतली. मग देवळीतली विभूती घेतली आणि तीन बोटांनी तीन आडवे पट्टे काचेवर ओढले, जसे स्वतःच्या कपाळावर ओढत तसे. धोतराच्या सोग्यानं वरवर पुसली आणि फडक्यावर परत ठेवली. हात जोडले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मीसुद्धा मनात हात जोडले.

कपिलीला आणलं. काम झालं. सालोत्रीनं लांब दांड्याच्या काचेच्या चमच्यानं कपिलीच्या अंगातून थोडं बीज काढून बारक्या नळीत घेतलं, नळी मुठीत धरली, एक थेंब काचेवर टाकला आणि दुर्बिणीला डोळा लावला. आरसा फिरवून ऊन आत सोडलं.

"मरे पडे हैं," तो म्हणाला. "सब के सब. एक भी नईं हिलता."

मी आप्पांकडं बघितलं. त्यांनी काही वाद घातला नाही. माणूस शब्दाचा पक्का. खुंटीवरचा दोर काढला, बसवंताच्या शिंगांना एक वेढा दिला आणि दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. "लावा," म्हणाले. "लवकर उरका." सालोत्रीचा शिपाई चिमट्याला तेल घालायला लागला.

आणि माझ्या डोक्यात आलं, विभूती! आम्ही भांडी राखेनं घासतो. विरजणाच्या भांड्याला राखेचा हात राहिला तर दही लागत नाही, पाणी होतं. गारठ्यात तर मुळीच लागत नाही. एवढ्याशा राखेनं दुधाची ही गत, मग त्या थेंबाची काय होईल?

पण बोलायचं कसं? मी पाटलाची सून. समोर गावातले झाडून सगळे बाप्ये, परका अंमलदार, सासरे. विषय हा असा. मी उखळावर उभी, आणि दोर आप्पांच्या हातात ताणलेला. मग म्हटलं, जळो ती रीत! पदर डोक्यावर ओढला आणि भिंतीवरून ओरडले, "थांबा! ती काच राखेची हाय. आप्पांनी गार पान्यानं धुतली आन विभूती लावली, म्या बगितलं. राखेच्या भांड्यात आमचं दही लागत न्हाय, त्यात तुमचं बीज कसं जगायचं?"

सगळ्या माना भिंतीकडं वळल्या. सासऱ्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आजच माहेरी पाठवतात. म्हटलं पाठवा. मी खाली उतरले नाही.

सालोत्रीनं काच उचलून उन्हात धरली. आप्पांना विचारलं, "सच्ची बात?" आप्पा म्हणाले, "व्हय, लावली. देवाचं काम हाय, लावू न्हाय तर काय?" सालोत्रीनं कपाळावर हात मारला. पण त्याचा मोठेपणा सांगायला हवा. तो त्या वेळी चिमटा लावून मोकळा होऊ शकला असता, आणि कुणी त्याला अडवलं नसतं. त्यानं पेटीतून दुसरी कोरी काच काढली, शेरवानीच्या खिशातल्या रुमालानं पुसली, दोन्ही तळव्यांत धरून ऊब दिली, मुठीतल्या नळीतून दुसरा थेंब टाकला आणि पुन्हा डोळा लावला.

मग टोपी मागं सरकवली. "अरे बाप रे! यां तो मेला भरा है, मेला!"

जत्रा भरलीय म्हणे! काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! जो तो दुर्बिणीकडं धावला. सासऱ्यांनी पाटीलकीच्या मानानं पहिला डोळा लावला, तो नेमका मिटलेला, आणि म्हणाले, "व्हय व्हय, लई हायती." सुतार म्हणाला, नदीतल्या माशांच्या पिलांसारखं दिसतंय. मला कुणी बोलावलं नाही. मी फाटकातून वळसा घालून गेले आणि सगळ्यांना बाजूला सारून बघितलं. गोल उजेड, आणि त्यात बारीक बारीक असंख्य जीव, एकमेकांना ढकलत पळतायत. चौदा वर्षांच्या म्हाताऱ्याच्या अंगात ही एवढी घाई! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी ते पुसलंसुद्धा नाही.

"अप्पा, आव, देखो," सालोत्रीनं हाक मारली.

शिवाप्पा आले नाहीत. बसवंताच्या पाठीमागं उभे होते, त्याच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून. "तुमीच बगा," म्हणाले. सालोत्रीनं तिथंच कागद लिहिला की हा वळू वयानं म्हातारा असला तरी चांगला आहे, त्याला हात लावू नये. चिमटा पेटीत गेला. कपिली त्या खेपेला राहिली.

ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. सरकारच्या दुर्बिणीनं बसवंताला पास केलं! तिसऱ्या दिवशी सकाळीच एक शेतकरी तीन कोस चालत गाय घेऊन आला. मागं आणखी दोघं येतायत म्हणाला. मी भिंतीशी कान लावून उभी. म्हटलं, आता आप्पांचा थाट बघावा.

आप्पा दारात आले. गाईची आई विचारली नाही, आजी विचारली नाही. म्हणाले, "मागं फिर बाबा. दुर्बिनीत काय बी दिसलं न्हाय. समदं मेलेलं निगालं. म्हातारा झाला त्यो, बीज संपलं."

"पर लोक तर म्हनत्यात..."

"लोक काय बी म्हनत्यात. दात बग त्येचे. हे असं तोंड, आन ह्येच्याकडनं वासरू मागतोस?"

तो माणूस खिदळला. म्हणाला, एवढे दिवस तुमच्या मिशीची भीती घातलीत की आप्पा! गाय घेऊन परत गेला. मागून आलेल्या दोघांनाही त्यानं रस्त्यातच फिरवलं असणार.

माझं डोकं फिरलं. ज्याच्यासाठी मी अख्ख्या गावापुढं तोंड उघडलं, सासऱ्यांनी तीन दिवस माझ्याशी अबोला धरला, त्यालाच हा माणूस खोटं पाडतो! मी सरळ फाटकातून त्यांच्या अंगणात गेले. "आप्पा, का म्हनून खोटं बोललासा? सालोत्रीचा कागद हाय तुमच्याकडं. म्या सोता बगितलंय."

आप्पा बसवंतापुढं कडबा टाकत होते. थांबले नाहीत, वर बघितलं नाही.

"तुमी दुर्बिनीत बगत व्हता, सूनबाई," ते म्हणाले. "म्या त्येचे मागले पाय बगत व्हतो. कपिलीवरनं उतरला तवा थरथरत व्हते. बसायला जागा हुडकत व्हता. पर लोक बगतायत म्हनून बसला न्हाय."

मी बसवंताच्या मागल्या पायांकडं बघितलं.

"बीज हाय त्येच्यात. लई हाय. आता म्हनलं बीज हाय, तर लोक त्येला मरंपरेंत सोडत न्हाईत. त्यापरीस मेलंय म्हनल्यालं बरं."

"मंग भांडलासा कशापायी येवढं? चिमट्यापुढं हुबं ऱ्हायलासा, दोर धरलासा..."

तेव्हा त्यांनी वर बघितलं. डोळे लाल झाले होते, पण आवाज तोच, दारातून यायचा तो. "त्येनं थांबायचं तर त्येच्या मनानं थांबंल. दुसऱ्यानं मोडून थांबवायचा न्हाय. इल्ला म्हंजी इल्ला."

त्या दिवसापासून शिवाप्पांच्या अंगणात गाय आली नाही. आठ-दहा दिवस गेले तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माणूसही आला नाही. गाई घेऊन लोक यायचे, सावलीला बसायचे, चार गावच्या गोष्टी सांगायचे, तंबाखू मळायचे, आप्पांशी भांडायचे. नाहीतर त्या दारात यायचं कुणी कारण काय? हे त्यांना आधीच ठाऊक असणार. ठाऊक असून त्यांनी त्या माणसाला मागं फिरवलं. भिंतीवरून बघितलं तर दुपारभर ते बसवंताच्या पाठीवरच्या गोचिड्या काढत बसलेले, तोंडातून एक शब्द नाही. बसवंत पाय पसरून निवांत रवंथ करत होता.

मी आत गेले, सुपात ज्वारी घेतली आणि फाटकाकडं निघाले. सासऱ्यांनी ओट्यावरून विचारलं, "कुठं चाललीस?"

"शेजारी," म्हटलं. "आप्पांच्या ओट्यावर बसून निवडते."

"पाटलाच्या घरची सून, दुसऱ्याच्या ओट्यावर? लोक काय म्हनतील?"

"म्हनू द्या," म्हटलं, आणि गेले. दुसऱ्या दिवशीही गेले.